उत्तमदादांचा मिस कॉल

सहा आठवड्यांपूर्वीची गोष्ट. सकाळचे पावणेसात वाजले होते. मी अंगणात दात घासत होतो. आत चार्जिंगला लावलेला फोन एकदा वाजला आणि बंद झाला. जाऊन बघितलं तर पडद्यावर नाव होतं, उत्तमदादा. मिस कॉल. तोंडात दंतमंजनाचा फेस तसाच ठेवून मी खुर्चीवर बसलो. वाचकांना वाटेल, मित्राचा मिस कॉल आला तर एवढं घाबरायचं काय? पण उत्तमदादांनी गेल्या चौदा वर्षांत कुणालाही मिस कॉल दिला नव्हता. मला तर नाहीच नाही. काम असलं की ते स्वतः चालत दारात येत, तोंड दाखवत आणि मगच बोलत. मी त्या नावाकडे बघत बसलो. बायको चहा ठेवून गेली, तो निवला. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग धीर करून मी उलटा फोन लावला. दादांच्या घरच्या शांतावहिनींनी उचलला. "बालाजीभाऊ, लौकर या," एवढंच म्हणाल्या. मागून बायकांचं रडणं ऐकू येत होतं...

उत्तमदादा केजला आमच्या विजेच्या खात्यात लाईनमन होते आणि मी सबस्टेशनला ऑपरेटर. ते माझ्याहून वर्षानं मोठे. गाव नेकनूरकडचं. वडील भीमगीतांच्या गायनपार्टीत पेटी वाजवायचे, आई लोकांच्या शेतात कापूस वेचायची. आयटीआय करायला ते औरंगाबादला राहिले होते. त्या काळी तिथल्या विद्यापीठात आफ्रिकेतली पुष्कळ मुलं शिकायला असत. त्यांतल्या एकाशी दादांची दोस्ती झाली. तो परत आपल्या देशी निघाला तेव्हा त्यानं आपली गिटार आणि एक कॅसेट यांना देऊन टाकली. कॅसेटवर अमेरिकेतल्या काळ्या माणसांची जुनी गाणी होती, एक माणूस आणि एक गिटार, बाकी कुणी नाही. या गाण्याला ब्लूज म्हणतात हे मला दादांनीच सांगितलं. शब्द त्यांना कळत नव्हते. पण ती माणसं कापसाच्या शेतात राबणाऱ्यांच्या घरची आहेत, हे त्या दोस्तानं सांगितलं होतं, तेवढं त्यांना पुरलं. "कापूस येचणाऱ्याचं गाणं हाय, मंजी आपलंच की," असं ते म्हणायचे. चाल त्यांची घेऊन शब्द आपले घातले. एक ओळ दोनदा म्हणायची आणि तिसरीत गाठ मारायची, अशी त्या गाण्याची रीत. त्यांचं एक गाणं आमच्या ऑफिसात सगळ्यांना पाठ होतं:

वरी तार, खाली शिवार, मधी मी येकला,
वरी तार, खाली शिवार, मधी मी येकला,
मायनं हाक मारली, आवाज न्हाई ऐकला.

खांबावर चढलेल्या माणसाला खालचं काही ऐकू येत नाही, वारा कानात भरतो. हे आम्हाला ठाऊक होतं म्हणून ते गाणं आम्हाला सोपं वाटायचं. ते नेहमी एकटेच वाजवत. एका जुन्या लाकडी पाटावर उजव्या टाचेनं ठेका धरायचा आणि डोळे मिटून गायचं. वडिलांच्या पार्टीतले लोक बोलवायला आले तरी जायचे नाहीत. "माझं येकट्याचंच बरं हाय," म्हणायचे. तेव्हा तो नुसता स्वभाव होता. पुढं त्याला दुसरं कारण मिळालं, आणि ते कारण मी होतो.

आता ते सांगायला हवं. लाईनवर काम करायचं तर कागदावर परमिट घ्यावं लागतं, तसा नियमच आहे. पण पंधरा गावं, दोन लाईनमन आणि परमिटचं पुस्तक आठ-दहा किलोमीटरवर सबस्टेशनात. म्हणून सगळीकडे चालायची तशी आमच्यातही तोंडी रीत होती. लाईनमन फोन करून सांगणार, "बंद कर." मी लाईन बंद करणार. काम झालं, माणूस खांबावरून खाली उतरला, की तो एक मिस कॉल देणार. मिस कॉल म्हणजे 'खाली उतरलो'. मग मी लाईन चालू करायची. वर्षानुवर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

चौदा वर्षांपूर्वीचे, गव्हाला पाणी द्यायचे दिवस होते. त्या दुपारी दोन लाईनी बंद होत्या. एकीवर उत्तमदादा, दुसरीवर आमचा दुसरा लाईनमन. फोनची घंटा थांबत नव्हती. मोटारी कधी चालू होणार, कामून लाईट न्हाई, एका पुढाऱ्याचा तर तीनदा फोन आला आणि तिसऱ्यांदा त्यानं माझी बदली कुठं करायची तेही सांगितलं. मी मुळात भित्रा. त्या गडबडीत एक मिस कॉल येऊन गेला. मी नाव बघितलं नाही. दादांची लाईन आधी बंद केली होती, म्हणजे आधी तेच उतरले असणार, असं मी धरून चाललो आणि त्यांच्या लाईनचा ब्रेकर ओढून ती चालू केली. एका श्वासात तो मोठ्या आवाजानं परत पडला, लाईनवर कुठं झटका बसला की पडतो तसा. मग मी फोन उघडून बघितलं. मिस कॉल दुसऱ्याचा होता... तो आवाज अजून माझ्या छातीत आहे. घरात भांडं पडलं तरी मी दचकतो.

उत्तमदादा वाचले. पण डाव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट कायमचं ताठ झालं. ते खांबावरून पडले तेव्हा फोनचे तुकडे झाले होते. साहेब लोक आले, चौकशी झाली. कुणाच्या तरी जनरेटरची वीज लाईनमध्ये उलटी आली असावी आणि लाईनमननं खबरदारी घेतली नसावी, असा निष्कर्ष निघाला. मी लाईन चालू केल्याची नोंद रजिस्टरमध्ये केलीच नव्हती. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, मला काही कल्पना नाही. एवढं एकच वाक्य. माझी नोकरी राहिली, लेकरांची शिक्षणं झाली.

दादांना पुढं स्टोअरला बसवलं. त्यांनी मोबाईल वापरायचा सोडला. घरी एक घेऊन ठेवला होता, पण तो कोनाड्यात असायचा. दोन-तीन वर्षं गिटारही भिंतीवरच होती. मग कुणीतरी सांगितलं की ते परत वाजवायला लागलेत. जुन्या वायरिंगमध्ये भिंतीतून तार ओवायला चिनी मातीची बोटभर नळी घालत, तसली एक त्यांना स्टोअरच्या भंगारात सापडली होती. ती त्या ताठ करंगळीत घालायची आणि तारांवरून सरकवायची. त्यानं गिटार रडल्यासारखी वाजते. मी त्यांच्या गल्लीतून जायचंच टाळत असे, पण एकदा नाइलाजानं गेलो आणि तो आवाज ऐकला. माणसाचं बोट आपण घालवलं आणि त्याच बोटानं तो असं वाजवतोय... मी मागं फिरलो.

अकरा वर्षं मी त्यांना टाळलं. चोराच्या मनात चांदणं. एकदा केजच्या बाजारात ते समोरून येताना दिसले म्हणून मी शेजारच्या कापडाच्या दुकानात घुसलो, आणि दुकानदारानं मानगूट धरल्यासारखी मला एक साडी घ्यायला लावली. बायकोला फार आनंद झाला. तिला काय सांगणार?

आणि मग, आम्ही दोघंही निवृत्त झाल्यावर, एक दिवस सकाळी दहाच्या सुमारास उत्तमदादा माझ्या दारात उभे. काखेत पाट, पाठीला गिटार. मला वाटलं, आला तो दिवस. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि म्हणाले, "बालाजी, तू ढोलकी वाजवतो. मला येक माणूस पायजे."

आमचं घर गुरवाचं. वाजवणं आमच्या घरात पिढीजात, आणि माझी ढोलकी त्यांनी ऑफिसच्या कार्यक्रमांत ऐकली होती. त्यांना साखरेचा आजार झाला होता आणि पाय बधिर झाले होते. "टाच पाटावर पडली का न्हाई, तेच कळंना मला. ताल सुटतो," ते म्हणाले. अख्खं आयुष्य ज्या टाचेच्या भरवशावर एकट्यानं गायले, तीच फितूर झाली होती. मी म्हणालो, केजमध्ये माझ्याहून चांगले ढोलकीवाले पाच तरी आहेत. ते म्हणाले, "असतील. मला तू पायजे." का ते सांगितलं नाही. मी नाही म्हणू शकलो नाही. भित्र्या माणसाला नाही म्हणायचीही भीती वाटते.

त्यांच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत आम्ही रोज सकाळी बसू लागलो. सुरुवातीचे दिवस आठवले की अजून घाम फुटतो. एकट्यानं गाणाऱ्या माणसाला मात्रा मोजायची सवय नसते, तो श्वासावर गातो. श्वास पुरला की ओळ लांबवायची, नाही पुरला की तोडायची. माझी ढोलकी हिशोबानं समेवर यायची आणि दादा अजून मागच्याच ओळीत असायचे. मी असा आधी आलो की त्यांचा डावा हात तारांवरून झटकन वर जायचा. चेहरा पांढरा पडायचा. ते रागावत नसत. फक्त म्हणत, "मी मान हालवल्याबिगर येऊ नगं." मी हो म्हणायचो आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून घ्यायचो. माझ्या मनात एकच यायचं, मी परत तेच करतोय. हा माणूस अजून वरच आहे आणि मी खालून चालू करतोय.

हळूहळू मी मात्रा मोजणं सोडलं आणि त्यांच्या खांद्याकडे बघायला शिकलो. दुसरी ओळ संपली की त्यांचा खांदा किंचित उचलायचा. तो श्वास. तेवढी जागा सोडायची, मग मान हलायची, मग मी. पुढं नेकनूरचे रशीदभाई आमच्यात आले. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात त्यांची हयात गेली होती, आणि ते कुणालाच घाबरत नसत. पहिल्या दिवशी आमची ती मान आणि तो खांदा बघून ते म्हणाले, "उत्तमभाई, ये गाना हाय का पंचनामा?" दादा गाऊ लागले. 'मायनं हाक मारली' म्हणून थांबले, तर त्या थांब्यात रशीदभाईंनी क्लॅरिनेटवर तीच ओळ उलटी फिरवून परत दिली, कुणी लांबून ओ द्यावी तशी. दादांनी डोळे उघडले. मागं वळून दाराकडे बघितलं. आणि हसले... मोठ्यानं, दात दिसतील असे. त्यांना तसं हसताना मी नोकरीच्या उभ्या काळात बघितलं नव्हतं. "परत," म्हणाले. "परत वाजव." त्या सकाळी आम्ही ती एकच ओळ किती वेळा घेतली याला गणती नाही. वहिनी दोनदा जेवायला बोलावून गेल्या. साठीचा माणूस, पण सुट्टी लागलेल्या पोरासारखा झाला होता. दुसऱ्या दिवसापासून ते मला आणायला घरी यायला लागले, तेही अर्धा तास आधी.

त्यांचा आनंद जसा वाढत गेला तशी माझी भीती वाढली. आता त्यांचं हे सगळं सुख माझ्या एका वाक्यावर उभं होतं, मला काही कल्पना नाही या वाक्यावर. सांगितलं तर ते सुख मोडणार. न सांगावं तर रोज त्या ताठ बोटासमोर बसायचं. मला झोप लागेना.

सहा महिन्यांनी आम्हाला आष्टीपुढच्या कडा गावातल्या एका वाचनालयानं बोलावलं. दुपारचा कार्यक्रम. आम्हा तिघांचा पहिलाच. एसटीत रशीदभाई मागच्या बाकावर क्लॅरिनेटची पेटी पोटाशी धरून झोपले होते. मी आणि दादा शेजारी. मांजरसुंबा मागं पडलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं. कसं, कुठल्या शब्दांत, ते आता आठवत नाही. दोन लाईनी, पुढाऱ्याचा फोन, न बघितलेलं नाव, न केलेली नोंद, सगळं सांगितलं. गाडीच्या आवाजात त्यांना ऐकू आलं की नाही हेही कळेना. ते आष्टी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. इतका लांब रस्ता मी आयुष्यात कापला नाही. मग आष्टीच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा त्यांनी विचारलं, "माजा न्हवता मिस कॉल?"

"न्हवता, दादा. तुमचा आलाच न्हाई."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी डाव्या हाताची ती दोन बोटं उजव्या हातात धरली. "अकरा वर्सं मला वाटायचं, वर चढताना खिशातल्या खिशात माजंच बटण दाबलं गेलं," ते म्हणाले. "आन् तुला मिस कॉल गेला, तू लाईन चालू केली. आन् तू साहेबापुढं माजं नाव न्हाई घेतलं. माज्यासाठी गप बसला, असं वाटायचं."

म्हणून ते फोन वापरत नव्हते. म्हणून एकटे वाजवत होते. भरवसा दुसऱ्यावर नव्हता असं नाही, स्वतःवर नव्हता. आणि म्हणूनच पाच चांगले ढोलकीवाले सोडून ते माझ्या दारात आले होते, उपकार मानून. एक ब्रेकर ओढण्याची चूक कुणाच्याही हातून होईल. पण नंतरची अकरा वर्षं मी गप्प राहिलो आणि तेवढी वर्षं माझं ओझं त्यांनी आपलं म्हणून वागवलं, ही चूक नव्हती, हा गुन्हा होता. मी हात जोडले. त्यांनी बघितलं नाही. गाडी सुटली.

कड्याला पोचलो, चहा झाला, मंचावर बसलो. समोर शंभरेक माणसं. दादांनी नळी करंगळीत घातली, सूर लावला आणि डोळे मिटले. मी त्यांच्याकडे बघत बसलो. मान हलेना. रशीदभाई माझ्याकडे बघायला लागले. समोर कुणीतरी खाकरलं. मला वाटलं, आता हे उठणार आणि सगळ्यांसमोर विचारणार. किंवा काहीच न बोलता गिटार पिशवीत घालून निघून जाणार, आणि मला ते जास्त भयंकर वाटत होतं.

"कर की सुरू, बे," ते डोळे न उघडता म्हणाले. "मी हाय."

मी पहिली थाप मारली. त्यांची मान हलली नव्हती, खांदा उचलला नव्हता, मीच सुरू केलं होतं, आणि ते माझ्या मागून आले. दोन ओळी नेहमीच्याच झाल्या. तिसरी ओळ आली आणि ती त्यांनी बदलली. 'खालनं कुणी हाक मारली, आवाज म्या ऐकला.' रशीदभाईंनी ओ दिली. मला पुढचं नीट दिसत नव्हतं, पण हात चालू होते.

माफ केलं असं ते कधी म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही, भीती वाटायची. दुसऱ्या दिवशी मात्र ते आले तेव्हा सदऱ्याच्या खिशात मोबाईल होता. "आता खिशात ठिवायला भ्या न्हाई वाटत," एवढं म्हणाले. त्यानंतर तीन वर्षं आम्ही तिघं वाजवत होतो. तिसरी ओळ त्यांनी पुन्हा जुनी केली नाही. पण मिस कॉल त्यांनी मला तेव्हाही कधी दिला नाही. सहा आठवड्यांपूर्वीपर्यंत.

गेल्या रविवारी मी वहिनींना भेटायला गेलो. पत्र्याच्या खोलीत पाट होता तिथंच होता, टाचेखालचा भाग झिजून खोलगट झालेला. गिटार भिंतीला टेकवलेली. बोलता बोलता मी म्हणालो, त्या सकाळी तुमचा मिस कॉल आला तेव्हा... वहिनींनी नाही म्हणून मान हलवली. "म्या न्हाई केला, भाऊ. मी नळावर गेलते पाण्याला. आले तर हे इथं पाटापशी बसलेले, भिताडाला टेकून. फोन हातात व्हता."

म्हणजे तो त्यांनीच केला होता. आणि मी दहा मिनिटं त्या नावाकडे बघत बसलो होतो. डॉक्टर म्हणाले होते, क्षणात गेले असतील. 'असतील' या शब्दाला मी आता रोज धरून बसतो. तिथून उठून जावं, गप्प बसावं, असं मनात आलं. गप्प बसायची माझी सवय जुनी आहे. पण बसलो आणि सांगितलं. मिस कॉल बघितला, घाबरलो, दहा मिनिटं फोन केला नाही, सगळं सांगितलं. हा लेखही मी त्याचसाठी लिहितो आहे. ज्या रजिस्टरात नोंद करायला हवी होती ते आता मिळणार नाही, म्हणून इथं करतो.

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मग म्हणाल्या, "तुमच्यात मिस कॉल मंजी, खाली उतरलो. असंच हाय ना?"

मी हो म्हणालो. माणूस मदतीसाठीही फोन करतो, हे वहिनींनी काढलं नाही. मीही नाही. पण तो विचार आम्हा दोघांच्याही मनात होता, आणि माझ्या मनातून तो जाणार नाही.

"मग उतरले असतील," त्या म्हणाल्या. उठून त्यांनी कोनाड्यातली चिनी मातीची नळी काढली, पदरानं पुसली आणि पाटावर ठेवली. कोपऱ्यातली ढोलकी माझ्यापुढं सरकवली. मान हलवायला कुणी नव्हतं. मी सुरू केलं. दुसरी ओळ संपली तिथं दादांच्या श्वासाएवढी जागा सोडली, आणि मग पुढं गेलो.